ब्लोसियसचे उत्तर : स्टोइक नीती आणि ग्राकसचा भूमिसंघर्ष

स्टोइक तत्त्वज्ञान हे सोसण्याचे तत्त्वज्ञान आहे, लढण्याचे नव्हे, हा समज विद्वानांतही दृढ आहे. हेगेलने १८०७ साली त्याला तात्त्विक रूप दिले. सिंहासनावर असो वा शृंखलेत, विचारापुरते स्वतंत्र राहणे एवढेच या पंथाचे स्वातंत्र्य, असा त्याचा आक्षेप होता. आणि डाव्या विचारपरंपरेत तो बहुधा तसाच मुरला. मार्क्सने १८४१ च्या आपल्या प्रबंधासाठी डेमॉक्रिटस व एपिक्यूरस निवडले, स्टोइक निवडले नाहीत, हेही सूचक आहे. मराठीत या गैरसमजास आणखी एक कारण घडले. ‘ॲडियाफोरा’ या ग्रीक संज्ञेसाठी ‘उदासीन’ हा शब्द योजला की तो वाचकाच्या मनात माणसाला जाऊन चिकटतो. मूळ संज्ञा मात्र वस्तूंचे विशेषण आहे : संपत्ती, आरोग्य, कीर्ती यांवर सद्गुण अवलंबून नाही, इतकाच तिचा अर्थ. शिवाय या वस्तूंपैकी काही ‘वरणीय’ असून त्यांची योग्य निवड हा कर्तव्याचाच भाग होय, असे हा पंथ सांगतो. भूमिहीनाला भूमी मिळावी की नाही, याविषयी बेफिकीर राहण्याची मुभा त्यातून निघत नाही.

याची कसोटी पाहावयाची तर इ. स. पू. १३३ मधील रोमकडे वळावे लागते. टायबीरियस ग्राकसने सार्वजनिक भूमीच्या वहिवाटीवर ५०० युगेरांची, म्हणजे सुमारे ३०० एकरांची, मर्यादा पुन्हा लागू करून अतिरिक्त भूमी निर्धनांना वाटण्याचा कायदा आणला व त्याच वर्षी तो सिनेटरांच्या जमावाकडून मारला गेला. त्याच्या निकटवर्तीयांत कुमी नगरीचा ब्लोसियस हा स्टोइक होता. टार्ससच्या अँटिपेटरने आपले ग्रंथ त्याला अर्पण केले होते, असे प्लूटार्क सांगतो.

या गुरुमित्राची भूमिका लक्षात घेण्याजोगी आहे. दुष्काळग्रस्त ऱ्होड्सला धान्य घेऊन आलेल्या व्यापाऱ्याने मागून आणखी गलबते येत आहेत हे गिऱ्हाइकांना सांगावे काय, हा प्रश्न सिसेरोने नोंदविला आहे. बॅबिलोनच्या डायोजेनीसच्या मते कायद्याला हवे तेवढे सांगितले की पुरे. अँटिपेटरच्या मते समाजहित हेच व्यक्तिहित असल्याने काहीही लपविता येत नाही. म्हणजे मालमत्तेच्या प्रश्नावर पंथात आधीच दुफळी होती. क्रिसिपसचा नाट्यगृहाचा दृष्टांतही दुधारी आहे. नाट्यगृह सर्वांचे, तरी ज्याने जी जागा घेतली ती त्याची, असे तो म्हणतो. मालकीचे समर्थन म्हणून हा दृष्टांत वारंवार वापरला जातो. परंतु बसलेल्याची ती वहिवाट आहे, मालकी नव्हे. आणि एकाने शंभर आसनांवर उपरणे टाकून ठेवावे याला त्यात आधार नाही. रोममधील वादग्रस्त भूमी नेमकी अशाच वहिवाटीची होती. तरीही पॅनिशियसचा शिष्य ट्यूबेरो हा स्टोइक टायबीरियसला सोडून गेला. तेव्हा स्टोइक मत म्हटले की अमुकच राजकारण, हे समीकरण कोणत्याच बाजूने टिकत नाही. डडली यांनी १९४१ साली ब्लोसियसच्या भूमिकेचे मूळ त्याच्या कँपेनियन घराण्याच्या रोमविरोधी परंपरेत शोधले, तर अर्स्काइन यांनी १९९० च्या ग्रंथात पंथाच्या विचारालाच अधिक वजन दिले. डडलींचे स्पष्टीकरण ब्लोसियस कोणत्या पक्षात का गेला हे सांगते. तेथे तो कोणती कारणे देत होता, हे सांगत नाही.

खरा पेच त्याच्या उत्तरात आहे. इ. स. पू. १३२ च्या चौकशीत त्याला विचारले गेले : टायबीरियसने कॅपिटॉल जाळण्यास सांगितले असते तर? सिसेरोच्या निवेदनात तो म्हणतो की, टायबीरियसला तसे कधी वाटलेच नसते; वाटले असते तर आपण ऐकले असते. सिसेरो याला मैत्रीच्या नावाखालील अधर्म मानतो. मराठी व्याकरणातील संकेतार्थाप्रमाणेच येथील लॅटिन क्रियारूपे अट आणि परिणाम दोन्ही घडलेले नाहीत असे गृहीत धरतात. स्टोइकांनी तर सांकेतिक विधानांचा अभ्यास शास्त्र म्हणून केला होता. अशा परंपरेतील माणसाचे वाक्य कबुलीजबाब म्हणून वाचणे व्याकरणदृष्ट्या उतावीळपणाचे ठरेल. पण एवढ्याने त्याची सुटका होत नाही. प्लूटार्क त्याच्या तोंडी एक कारणही घालतो : लोकहिताचे नसते तर टायबीरियसने सांगितलेच नसते. स्टोइक मते प्रत्येक प्रतीतीला संमती देणे वा नाकारणे हे ज्याचे त्यानेच करावयाचे असते. येथे ती संमती नेत्याच्या नावे आगाऊ लिहून दिलेली दिसते. ज्ञानी पुरुष चुकत नाही हे पंथाचे वचन खरे. पण टायबीरियस तसा ज्ञानी होता, हे कोणी ठरविले? क्रांतिकारी चळवळींत नेत्याच्या विवेकावर स्वतःचा विवेक गहाण टाकण्याचे जे प्रसंग पुढे वारंवार आले, त्यांचे बीज या कारणात आहे. आणि ते स्टोइक विचाराचे फलित नसून त्यातील स्खलन आहे.

तथापि वृत्तान्त येथे संपत नाही. ब्लोसियस आशियात ॲरिस्टोनायकसकडे गेला. पर्गमम रोमला मृत्युपत्राने मिळाल्यावर याने बंड उभारले होते. दरिद्री लोक व स्वातंत्र्याच्या आश्वासनाने आलेले दास यांना त्याने ‘हेलिओपोलिटाय’, म्हणजे सूर्यनगरीचे नागरिक, म्हटले, असे स्ट्रेबो नोंदवितो. स्ट्रेबो ब्लोसियसचे नाव घेत नाही आणि प्लूटार्क सूर्यनगरीचे. दोहोंची सांगड ही आधुनिक अभ्यासकांची, मोहक पण निराधार. आधार आहे तो इतक्यालाच, की बंड मोडल्यावर ब्लोसियसने आत्महत्या केली. चौकशीतील उत्तरात सर्व भार टायबीरियसवर होता. आशियाच्या वाटेवर मात्र आज्ञा देणारा टायबीरियस उरला नव्हता.