सर्वनामातली माया

पु. ल. देशपांड्यांचा ‘एका कोळियाने’ हा अनुवाद मी आधी वाचला. हेमिंग्वेची १९५२ सालची मूळ इंग्रजी कादंबरी मागाहून. मराठीत न जाणवलेली एक गोष्ट तिथे मनाला चटका लावून गेली. इंग्रजीत माशाला सहसा ‘इट’ म्हणतात. क्यूबाचा हा म्हातारा कोळी मात्र गळाला लागलेल्या माशाला पुल्लिंगी ‘ही’ म्हणतो, भाऊ मानतो आणि तरीही मारतो! वस्तूला मारण्यात कसले पाप? ‘त्या’ला मारले, म्हणून तर म्हातारा पापाचा विचार करीत बसतो. आमच्या मराठीत मासा जन्मतःच ‘तो’. व्याकरणाने फुकट दिलेल्या या लिंगात माया कुठली? अनुवादकाला ती सर्वनामाबाहेर, कोळ्याच्या बोलण्याच्या ढंगात शोधावी लागते. वाचकहो, भाषांतराची खरी कसोटी अशा इवल्याशा शब्दांशीच लागते!