तुलना कशाशी केली? गोव्यातले दोन प्रयोग वाचताना



पेट किंवा पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्यांना एक वाक्य आता पाठ झालेलं असतं: "भारतात मानसोपचारतज्ज्ञ कमी आहेत, म्हणून साध्या माणसांना प्रशिक्षण देऊन समुपदेशन करता येतं, आणि ते परिणामकारक आहे हे गोव्यात सिद्ध झालंय." वाक्य खोटं नाही. पण 'सिद्ध झालंय' म्हणजे नेमकं काय झालंय, असं पॅनेलमधल्या एखाद्या सरांनी विचारलं की बहुतेकांची गाडी अडते. म्हणून आज ज्यांच्या जोरावर हे वाक्य उभं आहे ते दोन पेपर वाचू. दोन्ही 'द लॅन्सेट'मध्ये आले, दोन्ही विक्रम पटेल आणि गोव्यातल्या 'संगत' संस्थेशी जोडलेल्या गटाचे. पहिला 'मानस', २०१० चा. दुसरा 'हेल्दी अॅक्टिव्हिटी प्रोग्रॅम', म्हणजे हॅप, २०१७ चा.

गरज किती आहे ते आधी सांगते, म्हणजे टीका हवेत राहणार नाही. निम्हान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या आजारांसाठी उपचार न मिळणाऱ्यांचं प्रमाण साधारण ७० ते ९२ टक्के निघालं. (हे सर्वेक्षण १२ राज्यांत झालं आणि त्यात महाराष्ट्र नव्हता. 'देशाचा आकडा' महाराष्ट्राला लावताना हे लक्षात असू द्या.) एवढी मोठी दरी फक्त तज्ज्ञांच्या भरवशावर भरणार नाही हे उघड आहे. प्रश्न आहे तो पर्यायाचा: तो कोणासाठी चालतो, कुठे चालतो आणि कशामुळे चालतो?

मानस: मोठा आकडा आणि लहान आकडा

मानसमध्ये २७९६ रुग्ण होते. आकडा वाचून आपण लगेच प्रभावित होतो. पण चिठ्ठी रुग्णांच्या नावाने टाकली नव्हती, दवाखान्यांच्या नावाने टाकली होती. असे दवाखाने होते २४: बारा सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि बारा खासगी डॉक्टरांचे. एकाच दवाखान्यातले रुग्ण एकमेकांसारखे असतात, डॉक्टर तोच, गाव तेच. त्यामुळे पुराव्याचं वजन २७९६ पेक्षा २४ या आकड्यावर जास्त ठरतं. क्लस्टर ट्रायल वाचताना पहिला प्रश्न हाच विचारायचा: क्लस्टर किती?

निकाल असा. निदान पक्कं झालेल्या रुग्णांपैकी सहा महिन्यांनी बरे झालेले: समुपदेशक असलेल्या दवाखान्यांत ६५ टक्के, नसलेल्या दवाखान्यांत ५२.९ टक्के. मुलाखतीत लोक इथेच थांबतात. आता हाच निकाल सरकारी आणि खासगी असा वेगळा करून बघा. सरकारी केंद्रांत ६५.९ विरुद्ध ४२.५. खासगीत ६४.१ विरुद्ध ६५.९, म्हणजे फरकच नाही.

यावर नेहमीचा अर्थ असा लावतात की "समुपदेशन सरकारीत चाललं, खासगीत चाललं नाही". मला हा अर्थ अपुरा वाटतो. चारही आकडे शेजारी ठेवा. समुपदेशक होते तिथे सरकारीत ६५.९ आणि खासगीत ६४.१, जवळजवळ सारखंच. वेगळं काय आहे? कंट्रोल गट. खासगी डॉक्टरांकडचे ६५.९ टक्के रुग्ण समुपदेशकाशिवायच बरे झाले, सरकारी केंद्रांत मात्र फक्त ४२.५ टक्के. म्हणजे या आकड्यांवरून असंही म्हणता येईल की समुपदेशकाने सरकारी केंद्रातल्या रुग्णाला तिथपर्यंत आणलं, जिथे खासगी डॉक्टरकडे जाणारा रुग्ण आधीच पोचत होता.

हा अर्थ सिद्ध झालेला नाही, कारण सरकारीत जाणारा आणि खासगीत जाणारा रुग्ण वेगळा असतो; उत्पन्न वेगळं, आजाराची तीव्रता वेगळी असू शकते. शिवाय सरकारी फरकाचा कॉन्फिडन्स इंटर्व्हल १.०२ ते २.३५ असा रुंद आहे. उंबरठ्याला जेमतेम ओलांडणारा. पण हा अर्थ लावला की प्रश्न बदलतो. कदाचित तो 'समुपदेशनाचं तंत्र' इतकाच नाही. ओळखीच्या डॉक्टरने नीट ऐकून घेण्याचाही आहे. पेपरच्या लेखकांनीही खासगी डॉक्टरांच्या नेहमीच्या सेवेच्या दर्जाकडे बोट दाखवलंय, आणि नको असलेला निकाल लपवला नाही. ही या पेपरची सगळ्यात मोठी ताकद.

हॅप: फरक कमी झाला, पण कुठल्या बाजूने?

हॅपमध्ये चिठ्ठी थेट रुग्णांच्या नावाने होती. गोव्यातली दहा प्राथमिक आरोग्य केंद्रं, ४९५ रुग्ण, वय १८ ते ६५. सगळ्यांचा पीएचक्यू-९ चा स्कोअर १४ पेक्षा जास्त, म्हणजे नैराश्य बऱ्यापैकी तीव्र. पद्धत होती 'बिहेवियरल अॅक्टिव्हेशन'. कल्पना सोपी: मन उदास म्हणून माणूस गोष्टी सोडतो, आणि गोष्टी सोडल्या म्हणून आणखी उदास होतो, तर आधी कृती सुरू करायची. पीटर लेविनसन यांनी १९७० च्या दशकात मांडलेली ही दिशा, जिला नील जेकबसन यांच्या १९९६ च्या अभ्यासाने पुन्हा पुढे आणलं. अमेरिकेतली पद्धत गोव्यात आणताना सत्रं कमी केली, सहा ते आठ, आणि देणारे होते मानसोपचाराची पार्श्वभूमी नसलेले स्थानिक समुपदेशक.

तीन महिन्यांनी लक्षणमुक्त (पीएचक्यू-९ दहाच्या खाली): हॅपमध्ये ६४ टक्के, कंट्रोलमध्ये ३९ टक्के. पंचवीस टक्क्यांचा फरक म्हणजे साधारण चार जणांना ही सेवा दिली की एक जास्तीचा माणूस लक्षणमुक्त. चांगला निकाल आहे.

बारा महिन्यांनी: ६३ विरुद्ध ४८. फरक पंधरावर आला. बऱ्याच सारांशांत 'परिणाम टिकला' एवढंच लिहिलेलं असतं, आणि टीका करणारे म्हणतात 'परिणाम ओसरला'. दोघांनीही उजवा रकाना नीट बघावा. हॅप गट घसरलेला नाही, ६४ चा ६३ झाला. वर सरकला तो कंट्रोल गट, ३९ चा ४८. नैराश्य बऱ्याच जणांत काळानुसार कमी होतं, आणि स्कोअर जास्त असतानाच माणसाला अभ्यासात घेतलं की पुढचा स्कोअर आपोआप थोडा खाली येतो. याला सांख्यिकीत 'रिग्रेशन टू द मीन' म्हणतात. म्हणजे हॅपने लोकांना लवकर बरं केलं, हे विधान जास्त पक्कं. आणि नऊ महिने लवकर बरं होणं ही लहान गोष्ट नाही. मजुरी बुडते, घर अडतं.

माझे दोन आक्षेप

पहिला, कंट्रोलचा. माझं एमएस्सी सूक्ष्मजीवशास्त्रातलं. तिथे औषध विरघळवलेलं द्रावण नुसतंच दुसऱ्या प्लेटवर टाकून बघितल्याशिवाय निकाल कोणी मान्य करत नाही. हॅपच्या कंट्रोल गटाला मिळाली ती 'सुधारित नेहमीची सेवा': तपासणीचा निकाल डॉक्टरांना कळवला, मार्गदर्शक सूचना दिल्या. तेवढाच वेळ कोणीतरी नुसतं आपुलकीने बसून बोललंय, असा तिसरा गट नव्हता. स्कोअर घेणाऱ्यांना गट माहीत नव्हता, पण उत्तर देणाऱ्या रुग्णाला अर्थातच माहीत होता. त्यामुळे 'ही सेवा उपयोगी पडते' हे ठामपणे म्हणता येतं. 'बिहेवियरल अॅक्टिव्हेशनमुळेच' हे तितक्या ठामपणे नाही. परिणामाचा काही भाग वाढलेल्या कृतीमार्फत आला, असं गटाचं विश्लेषण सांगतं, पण मध्यस्थ घटकाचं विश्लेषण म्हणजे रँडमायझेशन नव्हे.

दुसरा आक्षेप पेपरपेक्षा तो वापरणाऱ्यांवर आहे. "विविध समाजगटांसाठी उपयुक्त" असं लिहिताना हा संदर्भ सर्रास जोडला जातो. पण अभ्यासात होतं कोण? केंद्राच्या वेळेत तिथे पोचू शकणारा, समुपदेशकाशी समान भाषा असलेला, ६५ पर्यंतचा माणूस. सत्तरीची आजी नाही, शाळकरी मूल नाही, जिची भाषा समुपदेशकाला येत नाही अशी स्थलांतरित बाई नाही, बोलून संवाद साधू न शकणारी व्यक्ती नाही. आणि ४९५ जणांचे जात, धर्म, भाषा असे तुकडे पाडले तर प्रत्येक तुकड्यात हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे लोक उरतात. सरासरी परिणाम चांगला असणं आणि प्रत्येक गटात चांगला असणं ही दोन वेगळी विधानं आहेत.

याचा फटका धोरणात बसतो. हॅपचे समुपदेशक याच कामासाठी नेमलेले होते. त्यांची सत्रं रेकॉर्ड व्हायची, ऐकून गुण दिले जायचे, ठरावीक वेळाने एकत्र बसून चर्चा व्हायची. 'साधी माणसंही करू शकतात' एवढंच उचललं आणि हे सगळं गाळलं, तर उद्या हेच काम आधीच डझनभर कामं करणाऱ्या, कामागणिक मोबदला मिळणाऱ्या आशाताईंच्या डोक्यावर आणखी एक रजिस्टर म्हणून येईल. ते चाललं नाही की म्हणतील, पद्धतच खोटी होती. प्रत्यक्षात आपण तपासलेली गोष्ट वेगळी आणि राबवलेली वेगळी असेल.

तरीही हे दोन्ही पेपर वाचाच, शक्य तर पद्धतीचा विभाग दोनदा. माझ्या मते आपल्याकडच्या मानसशास्त्र विभागांत 'महाविद्यालयीन १०० विद्यार्थी आणि एक प्रश्नावली' या साच्यातून बाहेर पडायला यांच्याइतकं चांगलं उदाहरण कमी सापडेल. आणि विषय शोधत असाल तर इथेच तीन पडलेत: ओळखीच्या डॉक्टरच्या नुसत्या ऐकण्याचा परिणाम किती, बोलण्याइतकंच लक्ष देणारा तिसरा गट घेतला तर काय होतं, आणि पीएचक्यू-९ चा मराठी अनुवाद कोल्हापूरच्या शेतकऱ्याला आणि नंदुरबारच्या भिली बोलणाऱ्या बाईला एकच प्रश्न विचारतो का.

पुढचा पेपर उघडाल तेव्हा तक्त्यात कंट्रोल गटाचा रकाना आधी वाचा, उपचार गटाचा नंतर. कमेंटमध्ये तुमच्या विषयातला एखादा पेपर सांगा, त्याचा हा रकाना मिळून वाचू.