गाळलेला एक शब्द

अमेरिकेच्या राज्यघटनेची दहावी दुरुस्ती मूळ इंग्रजीत जेमतेम 28 शब्दांची आहे. आशय एवढाच: घटनेने जे अधिकार संयुक्त संस्थानांकडे सोपवलेले नाहीत आणि राज्यांना मनाही केलेले नाहीत, ते त्या त्या राज्यांकडे किंवा लोकांकडे राखून ठेवलेले आहेत. पहिल्या वाचनात हे दस्तलेखकाच्या हातचं कोरडं वाक्य वाटतं. मला ते त्यामुळेच आवडतं.

'सोपवणं' हे क्रियापद बघा. सोपवायची वस्तू आधी दुसऱ्या कोणाची तरी असावी लागते. आपल्याकडे गावची जमीन विकायला भावाच्या नावे खास मुखत्यारपत्र करतात. त्यात लिहिलंय तेवढंच त्याने करायचं. कुलमुखत्यारपत्राची गोष्ट निराळी. 1787 साली घटना लिहायला फिलाडेल्फियात जमलेल्यांनी केंद्राला दिलं ते पहिल्या जातीचं. काँग्रेसचे अधिकार त्यांनी मोजून मांडले: कर, नाणी, टपाल, युद्ध. (आपल्या घटनेत उलटं आहे. याद्यांबाहेर उरलेलं सगळं 248व्या अनुच्छेदाने संसदेकडे जातं.) काँग्रेसच्या यादीच्या शेवटी मात्र या कामांसाठी 'आवश्यक आणि योग्य' कायदे करण्याची मुभा ठेवली.

पण दहाव्या दुरुस्तीची खरी गंमत तिच्यात नसलेल्या शब्दात आहे. 1781पासून लागू असलेल्या, घटनेआधीच्या राज्यांमधल्या जुन्या करारात 'स्पष्टपणे सोपवलेले' असं म्हटलं होतं. ऑगस्ट 1789मध्ये दक्षिण कॅरोलायनाचे टॉमस ट्यूडर टकर यांनी 'स्पष्टपणे' इथेही घाला, असा आग्रह धरला. दुरुस्त्यांचा मसुदा मांडणारे मॅडिसन अडून बसले: काही अधिकार ओघाने येणारच, नाहीतर घटनेत बारीकसारीक सगळंच लिहीत बसावं लागेल. टकर यांची सूचना पडली. पुढे मेरीलँडने राष्ट्रीय बँकेवर कर बसवला, आणि 1819च्या निकालात सरन्यायाधीश मार्शल यांनी नेमकी ती रिकामी जागा वाचली. घटनेत बँकेचं नावही नाही, तरी बँक टिकली.

मॅडिसन यांच्या जूनमधल्या मसुद्यात हे वाक्य राज्यांपाशीच थांबत होतं. 'किंवा लोकांकडे' हे शेपूट मागाहून जोडलं गेलं. कोणता अधिकार राज्याचा आणि कोणता थेट लोकांचा, याचा त्यात पत्ता नाही. मुखत्यारपत्राखाली मालकाची सही असते. इथे त्या जागी एक 'किंवा' आहे.