एका पत्राचं परीक्षण

माझ्याकडे परीक्षणासाठी कुणी पुस्तक पाठवीत नाही. त्यामुळे हाती पडेल त्याचं परीक्षण करायची सवय लागली आहे. लग्नपत्रिका झाल्या, दुकानाच्या पाट्या झाल्या. परवा आमच्या गल्लीतले आबाजी एक सरकारी पत्र घेऊन आले. वाशिम जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या कार्यालयाचं. तालुका सांगत नाही, कारण मला अजून तिथे कामं आहेत.

"मास्तर, विहिरीचं पत्र आलं. मंजूर झालं ना? 'निकाली' असं लेयलं हाय म्हनते पोरगा."

पत्र वाचलं. एकूण एकच वाक्य होतं : "उपरोक्त विषयास अनुसरून संदर्भीय अर्जान्वये आपणांस कळविण्यात येते की, सदर प्रकरणी सादर केलेल्या कागदपत्रांची छाननी केली असता त्यामध्ये त्रुटी आढळून आल्याने सदर त्रुटींची पूर्तता विहित मुदतीत करण्यात यावी, अन्यथा सदर प्रकरण निकाली काढण्यात येईल, याची नोंद घ्यावी."

आता रसग्रहण. पहिला गुण म्हणजे लेखकाचा विनय. अख्ख्या वाक्यात कुणीच काही करीत नाही. छाननी केली जाते, त्रुटी आढळतात, प्रकरण निकाली निघतं. पाऊस पडावा तसं सगळं आपोआप. दुसरा गुण, 'सदर' तीन वेळा येतो; पहिला नि तिसरा प्रकरणाकडे बोट दाखवतात, मधला त्रुटींकडे, आणि वाचणारा बोटंच बघत बसतो. 'निकाली' या शब्दाचं तर काय सांगावं! मॅट्रिकचा निकाल लागला की पेढे वाटतात, म्हणून आबाजींच्या घरी चहात साखर जास्त पडली होती. फायलीचा निकाल म्हणजे तिची उत्तरक्रिया, हे त्यांना कोण सांगणार?

आपण अशा वेळी कोशांना शिव्या देतो. 1960 साली भाषा संचालनालय निघालं, 1962 साली पदनाम कोश आला, आणि लोकांनी थट्टेनं त्याचा 'बदनाम कोश' केला. पण 'त्रुटी' हा काही वाईट शब्द नाही, दोन अक्षरी, सुबक. मीही आधी शब्दांवरच घसरलो होतो. मग म्हटलं, नुसती टीका काय कामाची, सोपं करून लिहून दाखवू. पाटी घेतली नि लिहिलं : "तुमच्या अर्जाला अमुक कागद जोडलेला नाही. तो अमुक तारखेपर्यंत अमुक ठिकाणी आणून द्या. नाही दिला तर अर्ज रद्द होईल."

तीन 'सदर' गेले नि तीन 'अमुक' आले! कोणता कागद, ते मूळ पत्रात नाही. 'विहित मुदत' म्हणजे किती दिवस, नाही. कुठे द्यायचं, नाही. भरजरी शालू दूर केला तर आत बाई नसून नुसती खुंटी निघाली.

वाशिमच्या लेखनिकांनी असं करावं याचं मला जास्त वाईट वाटतं. हे वाकाटकांचं वत्सगुल्म. दुसऱ्या विंध्यशक्तीचे चौथ्या शतकातले ताम्रपट 1939 साली इथे सापडले. त्यांत राजाची वंशावळ संस्कृतात आहे, मिरवायची ती मिरवून घेतली; आणि दानाचा प्रत्यक्ष व्यवहार प्राकृतात, लोकांच्या भाषेत. तिथे 'पूर्तता' वगैरे नाही. शिपायांनी दान दिलेल्या गावात शिरू नये, फुलं नि दूध घेऊ नये, असं एकेक नाव घेऊन सांगितलं आहे. तांब्यावर कोरायचं असल्यामुळे फालतू अक्षर महाग पडत असावं. कागद स्वस्त झाला नि घात झाला.

दुसऱ्या दिवशी एस.टी.नं आम्ही कार्यालय गाठलं. पत्र लिहिणारे बाबू सज्जन निघाले. "मसुदा जुनाच आहे, मी फक्त नाव बदलतो," म्हणाले. फाईल काढली, दोन पानं उलटली नि सांगितलं, "आबाजी, तुमचा आठ-अ राह्यला. परवालोक आना नि माह्याच हातात द्या. नाही तं अर्ज रद्द होते."

मी थक्क झालो. माझे तिन्ही 'अमुक' एका श्वासात भरले गेले होते, आणि तेही वऱ्हाडीत!

"मंग हे असंच काहून नाही लेयलं साहेब?" आबाजींनी विचारलं.

"असं लिहिलं तर साहेब सही करतील का?" बाबू हसले. या समीक्षेला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आठ-अ दुसऱ्या दिवशी मिळाला. सोबत एक अर्ज हवा, म्हणून आबाजींनी कागद माझ्यापुढे सरकवला. "मास्तर, सोपं लेयजा बरं."

मी पेन उघडलं नि लिहिलं, "महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सदर..."