वीस गुण आणि मिटलेले तोंड

२०१९ साली महाराष्ट्रातील दहावीचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर घसरला. भाषा विषयांचे शाळेच्या हातचे वीस गुण त्या वर्षी काढून टाकले होते, हे घसरणीचे प्रमुख कारण सांगितले गेले. एक बाजू म्हणाली, शाळा हे गुण खिरापतीसारखे वाटत होत्या. दुसरी म्हणाली, इतर मंडळांच्या मुलांना ते मिळतात, मग अकरावीच्या प्रवेशात आमच्याच मुलांनी मागे का राहायचे? लवकरच ते गुण परत आले आणि वाद निवला. पण हे गुण ज्या बोलण्यासाठी होते, ते बोलणे वर्गात कधी झाले होते काय, हा प्रश्न मात्र या गदारोळात ऐकू आला नाही.

मंगळवार पेठेतील एका समाजमंदिरात आम्ही काही जण संध्याकाळी दहावीच्या मुलांना शिकवतो. ही मुले धुण्याभांड्याला जाणाऱ्या आयांची, हमालांची, सफाई कामगारांची. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे; म्हणजे दहा वर्षे ती हा विषय शिकली. पत्रलेखनाचा साचा त्यांना तोंडपाठ असतो. पण ‘काल संध्याकाळी काय केलंस?’ एवढे इंग्रजीत विचारले, की मान खाली जाते. याच पेठेत तालमींची वानवा नाही. तालमीत वस्ताद पोराला नुसते डाव पाठ करायला लावत नाही. जोडीदार देतो, प्रसंगी स्वतः हौद्यात उतरतो. पोराची परीक्षा रोजच्या लढतीतच होते. भाषेच्या वर्गात मात्र जोडीदारच नसतो आणि थेट मैदान भरवले जाते.

भाषा शिकण्याचा अभ्यास करणाऱ्यांनी ही गोष्ट कधीच सांगून ठेवली आहे. ऐंशीच्या दशकात मायकेल लाँग या अभ्यासकाने दाखवले, की बोलणे जिथे अडते, ‘काय म्हणालास?’ असे विचारले जाते, वाक्य पुन्हा वेगळ्या शब्दांत मांडावे लागते, तिथे शिकणे घडते. आपल्या देशात एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिणेतील साध्या शाळांत हाच मार्ग चालून पाहिला. व्याकरणाच्या घोकंपट्टीऐवजी मुलांपुढे नकाशा, वेळापत्रक असे कोडे ठेवायचे आणि ते सोडवण्यासाठी भाषा वापरायला लावायची. कोडे सुटले की नाही, ही पहिली कसोटी. वाक्य निर्दोष होते की नाही, हे नंतर.

पण आपल्या मुलांच्या बाबतीत दुखणे इंग्रजीच्या आधीचे आहे. त्यांच्यासाठी प्रमाण मराठी हीच दुसरी भाषा आहे. मी तिसरीत असताना गुरुजींना म्हणालो होतो, ‘माज्याकडं वही न्हाई.’ गुरुजी म्हणाले, ‘माझ्याकडे वही नाही, असं म्हण.’ मी तसे म्हणालो. वर्ग हसला, गुरुजी पुढच्या बाकाकडे वळले. वही मिळाली नाही; दुरुस्ती मिळाली. त्यानंतर वर्षभर मी वर्गात आपणहून तोंड उघडले नाही आणि प्रगतिपुस्तकावर शेरा आला: ‘अबोल आहे.’ ज्या व्यवस्थेने तोंड मिटवले, तिनेच मिटल्या तोंडाची नोंद केली!

अमेरिकेत विल्यम लॅबॉव्ह या भाषाशास्त्रज्ञाने १९६९ साली नेमके हेच उघडकीस आणले. काळ्या वस्तीतील मुलांना भाषाच नाही, असे त्यावेळचे विद्वान चाचण्यांच्या आधारे सांगत होते. लॅबॉव्हच्या अभ्यासात आठ वर्षांचा एक मुलगा प्रश्नकर्त्यापुढे एका शब्दात उत्तर देऊन गप्प बसला. पुढच्या भेटीत तोच प्रश्नकर्ता खाऊ घेऊन आला, मुलाच्या मित्राला बरोबर आणले आणि स्वतः जमिनीवर बसला. मग दोन्ही पोरांत बोलण्यासाठी चढाओढ लागली. मूल तेच होते. बदलले होते ते समोरच्या माणसाशी असलेले नाते.

हे नाते नाकारणे म्हणजेच अस्पृश्यता. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. नाकारला गेला तो केवळ ग्रंथ नव्हे, गुरूशी होणारा संवाद. शाहू महाराजांनी १९१९ साली करवीर संस्थानातील अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सर्वांबरोबर बसवण्याचा हुकूम काढला. या हुकुमाचे मोल मोठे आहे. परंतु बाक एक झाला म्हणून बोलणे एक होत नाही. ते काम हुकुमाने होण्याजोगे नव्हते. ते शिक्षकाचे होते आणि बहुतेक ठिकाणी ते आजही बाकी आहे.

येथे एक आक्षेप नीट ऐकला पाहिजे. लेखी परीक्षेत आसनक्रमांक असतो, आडनाव नसते. कित्येक दलित मुले या कवचामुळेच पुढे गेली. तोंडी गुण शिक्षकाच्या हाती गेले, की त्याचे पूर्वग्रहही गुणपत्रिकेत उतरतात. हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच लेखी परीक्षा मोडीत काढा, असे मी म्हणणार नाही. पण कवच घालून कोणी भाषा शिकत नाही. २०१० पासून आठवीपर्यंत सातत्यपूर्ण मूल्यमापन आले, वर्णनात्मक नोंदी आल्या. त्याबरोबर तयार नोंदींच्या पुस्तिकाही बाजारात आल्या. मूल न बोलताच त्याच्या बोलण्याची नोंद होऊ लागली. म्हणून वर्षभराचे बोलणे गुणांपासून मोकळे ठेवावे, आणि शेवटची तोंडी परीक्षा दुसऱ्या शाळेच्या शिक्षकाने, मुलांच्या जोडीला काम देऊन घ्यावी.

आणि आपण? दलित साहित्याने बोलीला साहित्याच्या पंगतीत बसवले, आत्मकथनांचे उतारे पाठ्यपुस्तकात गेले. त्याच उताऱ्यावरच्या प्रश्नाचे उत्तर मुलाने स्वतःच्या बोलीत लिहिले, तर त्याखाली लाल रेघ मारणारे शिक्षक आपल्यातही आहेत. मीही मारली आहे. प्रमाण मराठी आणि इंग्रजी आपल्या मुलांना आल्याच पाहिजेत, त्याबद्दल दुमत नाही. परंतु ‘माज्याकडं वही न्हाई’ म्हणणाऱ्या पोराला आधी वही द्या. दुरुस्ती मग तो स्वतःच विचारील.