धुऱ्यावरचा साग कोणत्या रकान्यात?

वृक्षमालकांचं शिक्षण हा विषय घेऊन आराखडा करायला बसलात, की पहिली अडचण शब्दाचीच येते. परदेशी लेखनात भेटतो तो 'खासगी वनमालक'. फिनलंडमध्ये निम्म्याहून जास्त जंगल खासगी मालकीचं आहे, तिथे हा शब्द शोभतो. पण त्याच्यासाठी बनवलेली प्रश्नावली मराठीत आणून तुम्ही अकोल्यात विचारणार कुणाला? महाराष्ट्रातली बहुतेक खासगी वनं ३० ऑगस्ट १९७५ला संपादन कायद्याने शासनाकडे गेली. आपल्याकडे उरला तो धुऱ्यावर पाच-दहा साग, एखादा आंबा किंवा मोह असलेला कास्तकार.

आता २०१४चं राष्ट्रीय कृषिवानिकी धोरण काढून बघा. असं धोरण करणारा भारत पहिला देश, हे आपण कौतुकाने सांगतो. दस्तऐवज खरंच बरा आहे. झाडतोड आणि वाहतुकीचे जाचक नियम ही अडचण तो स्वतःच कबूल करतो. प्रश्नावली करताना मात्र आपण नेमकं तेच विसरतो! 'कृषिवानिकीविषयी जाणीव' असा रकाना, त्याला गुण, आणि शेवटी शिफारस ठरलेली: प्रशिक्षण वाढवा.

माझा आक्षेप या रकान्यावर आहे. १९६४च्या झाडे तोडण्याच्या नियमन कायद्याच्या अनुसूचीत साग, मोह, चिंच, आंबा, जांभूळ आहेत. स्वतःच्या शेतातलं, स्वतः वाढवलेलं झाड तोडायलाही परवानगी लागते. सागाचं लाकूड न्यायचं तर वाहतूक पास वेगळा. हे सगळं माहीत असलेला माणूस सागाचं रोप हातभर असतानाच उपटून टाकू शकतो. तुमच्या मोजपट्टीवर तो 'कमी जाणीव' ठरेल. खरं तर कायदा त्यालाच जास्त कळलेला असतो.

आणि कायदा एकटा नाही. सावली शेजाऱ्याच्या कपाशीवर पडते, धुरा सामाईक, त्यावरून भांडणं. मक्त्या-बटईनं शेत करणाऱ्याने वीस-तीस वर्षांचं झाड कुणासाठी जपायचं? (हा गट नमुन्यात घेताच येत नाही, कारण यादी सातबारावरून काढलेली.)

ई-पीक पाहणीत २०२१पासून बांधावरची झाडं नोंदवायची सोय आहे. एक गाव घ्या, ती नोंद आणि प्रत्यक्ष धुरा ताडून बघा. जी झाडं उभी आहेत पण नोंदलेली नाहीत, त्यांच्या मालकाला आधी विचारा, का नाही लिहिलं?