शिडी कीं वृक्ष?

एका चित्रानें केवढा गैरसमज दृढ व्हावा याचें ठळक उदाहरण म्हणजे रुडॉल्फ झॅलिंगर यांचें मानवाच्या पूर्वजांचें चित्र होय. १९६५ सालीं क्लार्क हॉवेल यांच्या 'अर्ली मॅन' या ग्रंथांत तें प्रसिद्ध झालें. डावीकडे वानर, उजवीकडे ताठ चालणारा आजचा मनुष्य. अशी ही पंधरा जणांची रांग आहे. चित्रकाराचें कसब वादातीत आहे. पण तेंच बाधक ठरलें. यांतील कांहीं प्राणी आपले पूर्वज नसून बाजूच्या फांद्या आहेत, हें ग्रंथांतच सांगितलें आहे. तें मात्र कोणाच्या ध्यानांत राहिलें नाहीं.

"माकडाचा माणूस झाला, तर माकडें उरलीं कशीं?" या घरोघरच्या प्रश्नास अशा रांगेनेंच खतपाणी मिळतें. चुलतभाऊ हा आपला आजोबा नव्हे, हें कोणासही कळतें. चिंपांझी आपला असाच चुलतभाऊ आहे. दोघांचा समान पूर्वज सुमारें साठ-सत्तर लक्ष वर्षांपूर्वीं होऊन गेला, आणि तेव्हांपासून दोन्ही शाखा बदलत आल्या आहेत.

या रांगेंतला रामपिथेकस आपल्या शिवालिक टेकड्यांतला. त्याला रामाचें नांव मिळालें आणि मनुष्याच्या पूर्वजांत मानाचें स्थानही. पुढें अधिक अवशेष हातीं आल्यावर तो ओरांगउटानच्या आप्तवर्गांतला ठरला. निआंडरथल मनुष्य आपल्या मागें उभा आहे; वस्तुतः युरोपांत तो आधुनिक मानवाचा समकालीन होता.

आमच्या मते थोडा दोष आपल्या भाषेचाही आहे. 'उत्क्रांति' या शब्दांतला 'उत्' वर चढण्याची सूचना देतो. पण मेक्सिकोच्या गुहांतील अंध माशांचे डोळे पिढ्यान्‌पिढ्या अंधारांत राहून गेले. ते कोणत्या पायरीवरून खालीं उतरले? परिस्थितीशीं जुळणें निराळें आणि उन्नति निराळी.

शिडी मानली कीं वरची व खालची पायरी आलीच. मग माणसांतही कोणास तरी खालीं बसविण्याचा मोह होतो, आणि तो अनेकांना झालाही. १८५९ सालच्या डार्विनच्या मुख्य ग्रंथांत आकृती एकच आहे, आणि ती फांद्या फुटत जाणाऱ्या रेषांची आहे. झॅलिंगरांचें चित्र मुलांना अवश्य दाखवावें. मात्र त्याच्या शेजारीं ही आकृतीही ठेवावी, एवढेंच आमचें म्हणणें आहे.